पागनीसताईंची सही

कुमुदताई पागनीस. आधी नाव लिहून टाकते, काय झालं ते मागून सांगते. इंदुरात माझी चूल पेटती राहिली ती या बाईंमुळे. घरच्यांनाही मी हे कधी धड सांगितलेलं नाही. सांगायला बसलं की कुठून सुरू करावं ते उमगत नाही. म्हणून नावापासून सुरुवात.

ताई आमच्या बिजलीच्या झोन ऑफिसात बिलिंगच्या हेड क्लार्क होत्या. हिंदीवाले त्यांना पागनीस मैडम म्हणत, मी ताई म्हणे. त्यांची एक सवय नव्या माणसाला विचित्र वाटायची. कामात चूक झाली की कुणीही काय करतं? इकडेतिकडे बघतं, हळूच खोडतं, कागद उलटा ठेवतं. ताई उलट मान वर करायच्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "गलती झाली बरं का माझी! गुप्तांचे युनिट अग्रवालांच्या डोक्यावर टाकले." मग शांतपणे दुरुस्त करायला घ्यायच्या. समोरच्या टेबलावरून तिवारीजी, म्हणजे आमच्याकडचे सगळ्यांत जुने बाबू, लगेच म्हणायचे, "लो भिया, आज की बोहनी हो गई." सगळे हसायचे, ताईही हसायच्या. मला पहिल्या दिवशी हे बघून घाम फुटला होता. मी आधी होते त्या मिलमध्ये चूक अशी ओरडून सांगितली असती तर जॉबरनं, म्हणजे खात्यावरच्या मुकादमानं, उभं केलं नसतं.

मी बार्शीकडची. सातवीत शाळा सुटली आणि लग्नानंतर इंदूरला आले, कारण नवरा इथल्या एका कापडमिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होता. पुढे मलाही तिथेच रीलिंग खात्यात, सुताच्या लडी गुंडाळायचं, काम मिळालं. मग मिल बंद पडली. म्हणजे एकदम नाही. आधी पाळी गेली, मग एक खातं गेलं, मग दुसरं, आणि शेवटी फाटकावर कागद लागला. आमचे हे त्यानंतरही रोज सकाळी दाढी करून फाटकापाशी जात. तिथे त्यांच्यासारखेच आणखी बसलेले असत. आज काहीतरी होईल, कुणीतरी घेणार आहे म्हणे, सरकार बोलतंय म्हणे. दुपारी परत येत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. मी त्यांचं ताट झाकून ठेवी. बोलण्यासारखं होतं काय?

चाळीतल्या एका लाइनमननं सांगितलं, की झोन ऑफिसात बिलांचे गठ्ठे बांधायला, चिकटवायला, वाटणीला लावायला बायका घेतायत, दैनिक वेतनावर. मी गेले. ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "पोहे खाल्ले का सकाळी?"

मी म्हटलं, "नाही."

"मग आधी खाऊन ये. उपाशी माणूस हो ला हो करतं, मला खरं ऐकायचं आहे. अंक वाचता येतात? इंग्रजीतले?"

येत होते. रीलिंग खात्यात पेटीवर नंबर असत. एबीसीडीही येत होती, पण फक्त मोठी. ताई म्हणाल्या, "मोठीच पुरे. इथे कुणाला छोटी येते?"

त्यांच्या मराठीची मला गंमत वाटे. "मी आली," "मी गेली," "परेशान नको होऊ," "फिकर कशाला करते?" मल्हारगंजात भावाच्या घरी राहायच्या, लग्न केलं नव्हतं. का नाही, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आजोबा होळकरांच्या दरबारात हिशेबनीस होते, वडील त्यानंतरच्या सरकारात, आणि ताई या ऑफिसात. टेबलाच्या खणात जीरावनाची, इंदुरी मसाल्याची, डबी असायची. पोह्यांवर ते भुरभुरताना म्हणायच्या, "होळकर गेले, मध्यभारत आलं नि गेलं, भोपाळवाले आले. आमच्या घरानं सगळ्यांना नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता कामावर गेलं. जो येईल त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं. राहतो किती ते बघावं."

आणि मग आला तो कंप्यूटर.

त्याला सगळ्यांनी खरोखरच खुर्ची दिली. आमच्या ऑफिसात साहेबांच्या खोलीतसुद्धा नुसता कूलर होता, तोही खडखडणारा. कंप्यूटरसाठी मात्र कोपऱ्यातली स्टोअरची खोली रिकामी करून रंगवली, काचेचं दार लावलं आणि एसी बसवला. दाराबाहेर चपला काढायच्या. पहिल्या दिवशी पूजा झाली. नारळ बाहेर फोडला, पण तिवारीजी कुंकवाची वाटी घेऊन आत गेले आणि नव्या गाडीला काढतात तसं काचेच्या पडद्यावर ऐन मधोमध भलंमोठं स्वस्तिक काढून आले. शिकवायला कंपनीनं पाठवलेले सोनी सर, टायवाला कोवळा पोरगा, तोंड उघडं टाकून बघत राहिले. पुसायचं कुणी? शुभ चिन्ह आहे, कोण हात लावणार? मग काही दिवस शिकवणी अशी चालली, की अर्धे बाबू डावीकडून वाकून बघत आणि अर्धे उजवीकडून, आणि मधे काय लिहिलंय ते सोनी सर तोंडी सांगत. शेवटी ताईंनीच पदराचं टोक ओलं करून पुसलं. म्हणाल्या, "देवाला काय, तो पाठीमागूनही बघेल. आपल्याला समोरूनच दिसतं."

पासवर्डची तऱ्हा तर त्याहून वरची. सोनी सरांनी सांगितलं, हा शब्द गुप्त ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही. आमच्याकडे गुप्त गोष्टीची एक रीत होती. तिला पत्र करायचं, जावक नंबर टाकायचा, वर 'गोपनीय' लिहायचं, आणि माहितीसाठी एक प्रत अकाउंट्सला, एक साहेबांना, एक यूनियनला. तिवारीजी रजेवर निघाले तेव्हा त्यांनी रीतसर चार्ज दिला. कपाटाची किल्ली, स्टेपलर, पंखा आणि पासवर्ड, असं सगळं एकाखाली एक लिहून, सही-शिक्क्यासह. ती प्रत नोटीस बोर्डावर लागली. दुसऱ्या दिवशी बाहेर बिल भरायला आलेला एक म्हातारा रांगेतून पासवर्ड मोठ्यानं वाचत होता. सोनी सरांनी कपाळाला हात लावला. तिवारीजी रजेवरून आले ते गुरकावतच, "तो क्या ज़बानी चार्ज देता? कल को कुछ उड़ जाए तो रिकवरी किस पर निकलेगी? मुझ पर ही ना?"

हसण्यासारखं होतं, पण खरी भीती ती होती. रिकवरीची, म्हणजे नुकसान आपल्या पगारातून कापलं जाण्याची. एखादं बटण दाबलं, काही उडालं, आणि निवृत्तीच्या तोंडावर ते आपल्या अंगावर निघालं तर? त्यात आणखी लाज. तीस-तीस वर्षं नोकरी झालेली माणसं, घरी नातवंडं, आणि समोर टायवाला पोरगा म्हणतोय, "अंकल, नहीं, वो वाला नहीं." त्याला दोनदा विचारायला कुणाची जीभ रेटत नव्हती. त्यामुळे सगळे मान डोलावत आणि कुणी हात लावत नसे. यूनियननं तर ठरावच केला, की टायपायचं काम बाबूच्या कामात बसत नाही.

ताई बसल्या. त्यांना ते येत होतं म्हणून नव्हे. त्यांची बोटं जाड होती, नजर पळायची, आणि सोनी सरांनी काल सांगितलेलं आज आठवायचं नाही. पण काचेचं दार उघडं टाकून त्या मोठ्यानं बोलत काम करायच्या. "आता हे दाबलं. आता खाली गेली. अरे, गलती झाली बरं का माझी! पूर्ण पानच गेलं! सोनीजी, परत कसं आणायचं, जोरात सांगा, मला कमी ऐकू येतं." त्यांना कमी ऐकू येत नव्हतं. एसीची थंडी सगळी बाहेर जात होती, साहेब चिडत होते, पण हॉलमधले सगळे बाबू कान देऊन ऐकत होते. थोड्या दिवसांनी मी पाहिलं, जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं बघून तिवारीजी आत गेले आणि पान परत आणायचं कसं ते करून पाहून बाहेर आले. मी दिसल्यावर म्हणाले, "हवा खा रिया था."

मी ताईंना विचारलं, "तुम्हाला लाज नाही वाटत, सगळ्यांसमोर?"

"वाटते ना. पण एकीची गेली की बाकीच्यांची वाचते. आणि शालन, मशीन आहे ते, सासू नाही. चुकलं म्हणून टोमणा मारत नाही, जेवण बंद करत नाही. परत विचारतं फक्त."

मग वरून हुकूम आला, आणि तिथपासून माझी झोप गेली. काही महिने दोन्ही कामं बरोबर चालवायची. बाबूंनी नेहमीसारखं हातानं बिल काढायचं, तेच सोनी सर नि ताई कंप्यूटरवरही काढणार, आणि बाबूंनी दोन्ही जुळवून बघायचं. सगळं जुळलं की हेड क्लार्कनं प्रमाणपत्रावर सही करायची. ती सही भोपाळला गेली, की हाताचं काम बंद आणि दैनिक वेतनवाल्या बायका कमी. असं स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही तिघी होतो: रामकली, मंजू आणि मी. बाहेर कुठे जायचं? आमच्यासारख्या मिलच्या बायका तेव्हा शहरात जिकडेतिकडे काम मागत फिरत होत्या. घरी हे भिंतीकडे तोंड करून.

जुळवणी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात सगळ्या टेबलांवरून कागद आले, सब बराबर. तिवारीजींचं बराबर, दुसऱ्यांचं बराबर, पै न् पै. एकट्या ताईंचं जुळेना. ताई ते सगळे कागद समोर पसरून बराच वेळ बघत बसल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, तिवारीजींचं आणि माझं एकदा जुळलं नाही. यांचं आणि मशीनचं पहिल्याच आठवड्यात जुळलं?"

काय झालं होतं ते साऱ्या हॉलला ठाऊक होतं. दुप्पट काम कोण करणार? कंप्यूटरमधून बिल निघालं की बाबू ते समोर ठेवून हाताच्या बिलावर उतरवून घेत होते. मग जुळणार नाही तर काय. एकट्या ताई आधी हातानं काढत आणि मग मशीनचं बघत. निम्म्या वेळा चूक त्यांचीच निघे, आणि ती त्या ओरडून सांगत. निम्म्या वेळा मशीनची निघे, ती मात्र सोनी सरांच्या जवळ जाऊन कानात सांगत. मी म्हटलं, "त्याचं का नाही ओरडत?" तर म्हणाल्या, "त्याची पहिली नोकरी आहे गं."

साहेबांनी, म्हणजे वर्मासाहेबांनी, त्यांना बोलावलं. दार उघडं होतं, मी बाहेर गठ्ठे बांधत होते. साहेब वाईट नव्हते, पण दमलेले होते. "मैडम, भोपाल से रोज़ फ़ोन आ रहा है. सबका मिल गया. आपका ही क्यों नहीं मिलता?"

मला वाटलं, आता सांगतील. उतरवून घेतात म्हणून एका वाक्यात सांगून मोकळ्या होतील. ताई म्हणाल्या, "साहब, मेरा हाथ ज़रा धीमा है."

बाहेर आल्यावर तिवारीजी म्हणाले, "मैडम, आप तो कंप्यूटर की सास हो गईं. बहू के हाथ का कुछ पसंद ही नहीं आता." ताई म्हणाल्या, "बहू अच्छी है तिवारीजी, आप लोग उसका जूठा खा रहे हो." तिवारीजींनी मान खाली घालून रजिस्टर पुढ्यात ओढलं. तो दिवस सोडला तर ताईंनी कुणाला कधी लागेल असं बोललेलं मी ऐकलं नाही.

रामकली धीट होती. ती थेट जाऊन म्हणाली, "मैडम, मत मिलने दो. जब तक नहीं मिलता, हम हैं."

ताईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मी मिळवायलाच बसली आहे, रामकली. न मिळवायला पगार नाही मिळत मला." मग आम्हा तिघींना आत बोलावलं. "जोवर चाललं आहे तोवर शिकून घ्या. कोण बसतं?" रामकलीला अक्षरओळख नव्हती. मंजूला दिवस राहिलेले, एसीत बसलं की तिला मळमळायचं. राहिले मी. मला वाटलं, बरं झालं, आणि लगेच वाटलं, हे काय वाटलं आपल्याला.

हात उचलायचाच नाही. खोटं नाही सांगत, बटणांवर बोट ठेवलं की मी लगेच मागे घ्यायचे. उडालं तर? रिकवरी तर माझ्याकडून काय काढणार, काढायला होतं काय, पण हाकलून देतील. ताईंनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली. "पहिली गलती मी करते," म्हणाल्या आणि त्यांनी मुद्दाम काहीतरी भलतंच दाबलं. पडदा काळा झाला. "आता दुसरी तू कर. तिसऱ्यांदा आपण नीट करू." अशा त्या शिकवायच्या. धागा तुटला की गाठ मारून पुढे जायचं, हे बोटांना ठाऊकच होतं. बोटं आधी शिकली, मी नंतर. छोटी एबीसीडी सगळ्यांत शेवटी. आणि प्रिंटर सुरू झाला की मला बरं वाटायचं. त्या खडखडाटात रीलिंग खात्यात असल्यासारखं वाटे. कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडून मी घरी न्यायचे. माझ्या मुली त्या पट्ट्यांच्या वेण्या विणायच्या.

शेवटी न जुळणारी एकच गोष्ट राहिली, कुलपाची घरं. मीटर बघायला माणूस गेला आणि घराला कुलूप असलं, तर बाबू 'ताला' लिहून मागच्या वेळेच्या अंदाजानं बिल काढत. मशीनला ते समजत नव्हतं. त्याला वाटे, घरात काही जळालंच नाही. इतर वस्त्यांत एखाददुसरं घर असं निघे. मिलच्या चाळींत मात्र ओळीच्या ओळी. आमच्या चाळीचं मीटरचं पुस्तक समोर आलं तेव्हा मी एकेक दार टाकत गेले. ताला, ताला, ताला. कोण कुठे गेलं ते मला माहीत होतं. हे खंडव्याकडे परत, हे सुरतेला, ही रीलिंगची शांता, तिचं काय झालं ते कळलंच नाही. ताई शेजारी बसून बघत होत्या. मधेच उठल्या आणि पाण्याचा ग्लास माझ्या हाताशी ठेवून गेल्या. त्या कुलपांमुळे जुळत नव्हतं, आणि जुळत नव्हतं म्हणून मी होते. हे असं माझ्या मनात आलं आणि जेवण गेलं नाही त्या दिवशी.

सोनी सरांनी बरेच दिवस डोकं लावून ते बसवलं. आणि एका दुपारी ताईंनी मला आत बोलावलं. काचेचं दार लावून घेतलं. असं त्या कधी करत नसत.

"मिळालं गं."

"परत बघा, ताई."

"दोनदा पाहिलं."

"आणखी एकदा."

त्यांनी आणखी एकदा पाहिलं. मी उभी होते, मला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. सगळं जुळत होतं. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. खूप दमलेल्या दिसल्या. "सांग आता. काय करू?"

मी म्हटलं, "सही नका करू." मग घाईनं म्हटलं, "तुमचा हात धीमा आहे म्हणता ना? तेच सांगा आणखी थोडे दिवस. कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"शालन, मी खोटं जुळवलं नाही. मग खोटं तोडू कशी?"

मी रडले. त्यांनी गप्प राहा म्हटलं नाही, समजावलं नाही. माझं होईपर्यंत थांबल्या. मग उठून प्रमाणपत्राचा कागद घेतला आणि म्हणाल्या, "तोंड धू आणि ये माझ्यामागे. आज तुला भीती वाटली तरी चालेल, मलाही वाटते आहे."

वर्मासाहेबांसमोर त्यांनी कागद ठेवला, पण पेन उघडलं नाही. "साहब, सही कर रही हूँ. पर कल से चलाएगा कौन? यूनियन ने मना कर दिया है, मेरे पास नौकरी के कुछ महीने हैं. यह चलाती है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ये तो गठ्ठे बाँधती है. कितना पढ़ी है? आठवीं?"

"सातवीं," ताई म्हणाल्या. मला वाटलं, निदान आठवी तरी म्हणायचं होतं. "मशीन ने अब तक मार्कशीट नहीं माँगी, साहब."

साहेब उठून कंप्यूटरच्या खोलीत आले. मला बसवलं. मागे ते उभे, दारात तिवारीजी आणि सगळा हॉल. मी एका गल्लीतल्या मीटरची वाचनं टाकायला घेतली. मधे एक अंक चुकला आणि बोटं थांबली. मी ताईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत होत्या, जणू त्यांचा काही संबंधच नाही. मी मागे गेले, चुकलेलं पुसलं, नीट टाकलं आणि पुढे गेले. प्रिंटरमधून बिलं यायला लागली तेव्हा दारातून तिवारीजी म्हणाले, "साब, यूनियन को ऐतराज़ नहीं है. बाई बाबू नहीं है, तो ठराव इस पे लागू ही नहीं होता." ती त्यांची मेहरबानी होती, असं मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

साहेब म्हणाले, "ठीक है, देखते हैं." ताईंनी तिथेच, मशीनवर कागद ठेवून, सही केली.

कमी करायच्या बायकांची यादी आली तिच्यात रामकली आणि मंजू होत्या, मी नव्हते. रामकली आपला डबा घ्यायला आली. माझ्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तेरी ताई थी. हमारी तो मैडम थी." ताई मागेच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्यांनी रामकलीसाठी मल्हारगंजच्या एका शाळेत शब्द टाकला, मंजूच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन गेल्या. शाळेतलं काम फार टिकलं नाही. त्या वाक्याबद्दल ताई कधी बोलल्या नाहीत, पण पुष्कळ दिवस त्यांनी हॉलमध्ये चूक झाल्याचं ओरडून सांगितलं नाही. चुका होत होत्या. त्या गुपचूप नीट करायच्या.

ताई निवृत्त झाल्या तेव्हा शाल, नारळ, भाषणं झाली. त्यांची जागा भरली नाही. वरून कळवलं, की आता या पदाची गरज नाही. ताईंना बोलायला लावलं तर म्हणाल्या, "मशीन चांगलं चाललं आहे. मला न विचारता चालतं. हे बघून बरं पण वाटतं आणि नाही पण." एवढं बोलून खाली बसल्या. तिवारीजींनी रुमाल काढला आणि एसीला शिव्या दिल्या.

पुढे भाऊ वारला, मल्हारगंजातलं घर वाटण्यांत गेलं, आणि ताई महूला भाचीकडे राहायला गेल्या. मी रविवारी बसनं जाऊन येते. भाची चांगली आहे, पण घर लहान आणि माणसं कामावर जाणारी. ताई दाराजवळ खुर्ची टाकून बसलेल्या असतात, शाळेत जाणारी फौजी लोकांची पोरं बघत. मागच्या खेपेला मी बार्शीचं काहीतरी बोलत होते. आमच्या वावरातलं, आईच्या हातच्या कडक भाकरीचं, ज्वारी निघाल्यावर अंगणात खळ्याचा वास कसा येतो त्याचं. ताई ऐकता ऐकता म्हणाल्या, "मी बघ, जन्मभर मराठी म्हणवून घेतलं. आणि महाराष्ट्र पाहिला तो एकदा. नाशिक. वडिलांच्या अस्थी घेऊन गेली आणि त्याच रात्रीच्या गाडीनं परत आली. गाव म्हणून कधी पाहिलंच नाही कुणाचं."

"मी नेते," मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि मग आठवलं. मला कुठली रजा? दैनिक वेतनवालीला रजा नसते, गेलं की त्या दिवसाचं गेलं, आणि चार दिवस गेलं तर जागाच गेली. ऑफिसात आता पुष्कळ कंप्यूटर आहेत, पोरं आहेत, शिकलेली आहेत. मी अजून तीच, रोज सकाळी हजेरीवर नाव आहे ना ते आधी बघणारी. कायम करण्याचा कागद भोपाळला आहे, असं सांगतात. आई गेली तेव्हाही मी तिसऱ्या दिवशी पोहोचले होते.

ताईंना हे सगळं माहीत आहे. त्या म्हणाल्या, "जल्दी काय आहे? मी इथेच आहे."

जल्दी आहे, ताई. तुम्हाला आता दारापासून आत जायला भिंत धरावी लागते, मी पाहिलं. म्हणून इथे लिहून ठेवते, चार माणसांसमोर, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. ज्या दिवशी मी कायम होईन, त्या दिवशी रजेचा पहिला अर्ज तुमच्यासाठी टाकीन. आईला नाही पोहोचले, तुम्हाला पोहोचवीन. दौंडला गाडी बदलावी लागते, तिथे मी तुमचा हात सोडणार नाही. आमच्या अंगणात बाजेवर बसवीन, भाऊजय भाकरी थापेल, आणि कितीही दिवस राहा म्हणेन. परतीची घाई करू देणार नाही.